गुरुवारचे सुट्टे

ऋतानं विचारलं तेव्हा मी लसूण सोलून राहिली होती, आणि हात कामात असले का माझं तोंड मोकाट सुटते, त्याच्यातून काय निघून जाईल त्याचा काही भरवसा नसते. रविवार होता. ऋता, म्हणजे माझी नातसून, टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती, बाजूले प्रशिक, माझा नातू, सव्वा वर्षाच्या यामिनीले मांडीवर घेऊन. दोघं मिळून घराचं बजेट करून राहिले होते, पहिल्यांदाच. किराया, दूध, किराणा, स्कूटीची किस्त, यामिनीच्या लसीच्या सुया, आणि तिची शाळा, जी सुरू व्हाले अजून दोन वर्षं आहेत, तिचे पैसेही आतापासूनच. ऋताले मराठी सगळी समजते पण उत्तर ती हिंदीतच देते, रायपूरच्या पोट्ट्यांचं असंच आहे, कान मराठी आणि जीभ हिंदी. "आजी, आपका महीने का कितना रखूं?" इतकं साधं विचारलं तिनं. उभ्या जन्मात मले हे कोणी विचारलं नव्हतं, ना बापानं, ना नवऱ्यानं, ना पोरानं, म्हणून याचं उत्तर माझ्यापाशी तयारच नव्हतं, आणि जे तयार नसते त्याच्या जागी मी थाप ठेवते, ही माझी जुनी रीत आहे. लसणाचं साल फुंकत मी म्हटलं, "मले काय लागते बाई, मी तं हवा खाऊन राहते." तिथं थांबली असती तरी जमलं असतं. पण थांबणं मले येत नाही. "रेल्वेचा संप होता तेव्हा," मी म्हटलं, "मालगाड्या बंद, हमाली बंद, घरात दाणा नाही, तं महिनाभर मी यार्डात उभ्या इंजिनाची वाफ पिऊन काढला. तुझा सासरा धम्मदीप पोटात होता. म्हणून तं जन्मला तेव्हा तो रडला नाही, सीटी वाजवली त्यानं." प्रशिक हसला, लहानपणापासून हसते तसाच. ऋताही हसली, भल्या घरची पोट्टी आहे, आणि हसता हसता तिनं एक बटन दाबलं. मी चष्मा नाकावर ओढून पाह्यलं. 'आजी' असं लिहिलं होतं, आणि त्याच्यापुढं शून्य.

आता शून्यात भ्यावं असं काय आहे. गोल असते, मधात काही नसते, बांगडीसारखं. पण त्या दिवसापासून मले चैन नाही. बसली का उठावं वाटते, उठली का कुठं जावं ते समजत नाही. दुपारी यामिनी झोपली का घरात फक्त फ्रिजचा आवाज राहते, तो मधात थांबते, मंग पुन्हा घुरघुरते, आणि तो थांबला का मले वाटते कोणीतरी माझ्याविषयी बोलत होतं आणि मी ऐकून राहिली म्हणून चूप झालं. शंकर नगरच्या या फ्लॅटमधी आवाजच कमी. गुढ़ियारीत आमचं जुनं घर रेल्वेलाइनीले लागून, तिथं मालगाडीचे डबे एकमेकाले धडकायचे तेव्हा आमच्या ताटल्या फळीवरून खाली यायच्या, आणि तरी झोप लागायची. इथं ताटली हालत नाही आणि मी मात्र हालून राहिली आहे. मनात येते, आजवर किती थापा मारल्या मी. तुमसरहून लग्न होऊन आली तेव्हा सासूले सांगितलं होतं का आमच्या गावची म्हैस तीन भाषांत हंबरते. गुढ़ियारीच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सांगितलं का मालधक्क्यावर एका पोत्यात कांद्याऐवजी मगर निघाली आणि माझ्या नवऱ्यानं, लहानूनं, ती पाठीवर टाकून गोदामात नेऊन रचला, कारण पोतं मोजल्याशिवाय मजुरी भेटत नाही. एक नाही मानली कोणी. मानू नये म्हणूनच तं मारायची मी. आणि ही एक मानली. 'मले काही लागत नाही.' सगळ्यात मोठी थाप हीच, म्हैस-मगरीपेक्षा मोठी, आणि ती पोरीनं सरळ उचलून लॅपटॉपमधी ठेवली.

ऋतावर रागावताही येत नाही, हा आणखी ताप. ती माणसावर विश्वास ठेवते. दूधवाला म्हणाला उद्या येतो, तं ती उद्या भांडं घेऊन उभी राहते. डॉक्टर म्हणाला आठ गिलास पाणी, तं आठच. अशा माणसासमोर थाप मारणं म्हणजे आंधळ्याच्या हातावर खोटं नाणं ठेवणं. मले तिच्या माहेरची माणसं आठवतात, लग्नाच्या बैठकीत मी त्यांले सांगितलं का आमच्या प्रशिकले पाच वर्षांचा होईपर्यंत वाघिणीचं दूध पाजलं आहे, तं तिच्या बापानं गंभीर होऊन विचारलं होतं, "कौनसे ज़ू से मंगाते थे?" तेव्हा मी पदरात हसली होती. आता हसू येत नाही. आता वाटते, त्याच वेळी समजायले पाहिजे होतं का या घराशी जपून बोला लागते.

खरं सांगायचं तं मले लागते किती, आठवड्याले शंभरेक रुपये. तेवढे मले भेटत होते, बजेट यायच्या आधी, न मागता. सकाळी प्रशिक फळांच्या टोपलीखाली भाजीचे पैसे ठेवून जायचा, खाली गेटावर टोपलीवाली यायची, मी उतरायची, भाव करायची, टोमॅटो दाबून पाहायची, तिच्या नवऱ्याची दारू सुटली का नाही ते विचारायची, आणि उरलेले सुट्टे कमरेच्या पिशवीत. दुधाचे तसेच. इस्त्रीवाल्याचे तसेच. हे काही लपवून नव्हतं. आमच्या पाऱ्यात कायदाच होता हा, जिच्या हातून भाजी येते तिच्या हातात सुट्टे राहतात, कोणी विचारत नाही, कोणी सांगत नाही. लहानू पण कधी म्हणाला नाही का चार आणे कुठं गेले. पुरुषानं सुट्टे मागितले तं त्याले लोक म्हणायचे, याले काही झालं का, याची हमाली बसली का. बजेट झालं आणि ऋतानं भाजी मोबाइलवर लावून टाकली, हेल्मेटवाला पोट्टा येते, थैली दारात ठेवते, फोटो काढते, जाते. दुधाचे महिन्याचे आधीच भरून टाकले. इस्त्रीवाल्यानं दुकानात तो चौकोनी ठिपक्यांचा कागद चिटकवला आहे, त्याले मोबाइल दाखवला का पैसे पोहोचतात. किती बचत झाली ते ऋतानं मले दाखवलं, खुशीनं. "देखो आजी, सब्ज़ी में ही सात सौ का फ़र्क़ आ गया." त्या सातशेत माझे सुट्टे होते. तिले कसं माहीत असणार. टोपलीवाली खालून हाक मारायची, "दाई, ओ दाई," इकडं आईले दाई म्हणतात, मी बाल्कनीतून हात हलवायची, नको नको. आता ती हाक पण मारत नाही.

आणि हे पैसे लागायचे कशाले, तं गुरुवारसाठी. दर गुरुवारी मी गोदूकडे जाते. गोदू माझी गुढ़ियारीची शेजारीण, तिचा नवराही मालधक्क्यावर हमाल. आता तिची कंबर गेली आहे, खाटेवरच असते, सून दोन वेळ जेवायले देते, बाकी दिवसभर ती पंख्याकडे पाहत राहते. मी जाते, ई-रिक्शानं दोन टप्प्यांत, जाताना दोन बडे, म्हणजे उडदाचे वडे, बांधून घेते आणि गुडाखूची एक डबी, ती तंबाखूची काळी पेस्ट, बोटानं दातावर घासायची. गोदूले तिच्याशिवाय सकाळ होत नाही आणि तिची पोरं ती तिले आणून देत नाहीत, दात जातील म्हणतात, जसे काही तिच्या तोंडात दात उरले आहेत. संध्याकाळपर्यंत आम्ही बसतो. बोलतो असं नाही. थापा मारतो. एक तिनं मारायची, एक मी.

गुरुवारच काहून, हे प्रशिकनं एकदा विचारलं होतं, मी म्हटलं गुरुवारी गोदूच्या अंगात येते. काहीतरी सांगा लागते. हमालांची मजुरी शनिवारी व्हायची. शनिवारी मासोळी, रविवारी वांगी, सोमवार मंगळवार पाहून घ्या, बुधवारी डब्यात बोट फिरवा, आणि गुरुवारी डबे वाजायचे. मंग गुरुवारी दोन घरची एक हंडी. गोदूचे तांदूळ, माझी डाळ, म्हणजे डाळीचं पाणी, दोघींची मिळून पाच पोरं गोल बसायची आणि मी वाढायची. ताट पुढं आलं का पोरं आधी ताटाकडे पाहत आणि मंग माझ्याकडे. ते पाहणं मले अजून दिसते. पाच जोड्या डोळे. त्या डोळ्यांपुढं काहीतरी ठेवणं भाग होतं, आणि भात संपला होता, तं मी सांगायची, "आज काय झालं माहीत आहे का, नागपूरहून मालगाडीत एक हत्ती आला, तो उतरला आणि सरळ आपल्या घरात, म्हणे मावशी, फार भूक लागली, नाही कसं म्हणता, पाहुणा. सगळी डाळ सोंडेनं ओढली त्यानं." गोदू लगेच म्हणायची, "आणि जाताना माझे तांदूळ खिशात घातले." "हत्तीले खिसा?" पोरं ओरडायची. "रेल्वेचा हत्ती होता," गोदू म्हणायची, "वर्दीवाला." पोरं हसत, हसताना पोट हालते, हाललेलं पोट थोडा वेळ भरल्यासारखं वाटते. एवढाच हिशेब होता आमचा. कमी पडलं तेवढी थाप मोठी. ज्या गुरुवारी फक्त पातळ पेज होती त्या गुरुवारी मी पूर्ण सर्कस उतरवली होती मालधक्क्यावर.

प्रशिकले या गोष्टी फार आवडतात. भरल्या पोटी ऐकल्या आहेत त्यानं. धम्मदीपले, त्याच्या बापाले, नाही आवडत. तो भिलाईले कारखान्यात असते, सणावाराले येते, आणि मी हत्ती काढला का तो उठून गॅलरीत जाते. प्रशिक म्हणते, "बाबा, तुम्ही हसत काहून नाही?" तो म्हणते, "ऐकली आहे." दोनच शब्द. मी त्याच्या पाठीकडे पाहते, बनियनमधून त्याची हाडं आता दिसत नाहीत, माणूस चांगला भरला आहे, आणि तरी मले ती पाच वर्षांची पाठ दिसते. कधी कधी वाटते, त्या थापा त्याले पोटात लागल्या असतील. मंग वाटते, दुसरं होतं काय माझ्यापाशी. मंग फ्रिज घुरघुरते.

पहिला गुरुवार मी टाळला, गोदूले फोनवर सांगितलं का यामिनीले ताप आहे. दुसऱ्या गुरुवारी सांगितलं का शंकर नगरात अस्वल शिरलं आहे आणि कलेक्टरनं सगळ्यांले घरात बसाले सांगितलं. गोदू म्हणाली, "कमले, डबी संपली माझी." बस. अस्वलाविषयी काही विचारलं नाही तिनं. आमच्या पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं का मी अस्वल टाकलं आणि तिनं त्याच्यावर काही चढवलं नाही. मी फोन ठेवला आणि घरभर फिरली. पिशवीत जुने अकरा रुपये होते. मागावं तं कोणाले. प्रशिकले मागितलं असतं तं त्यानं दिले असते, शंभरच्या जागी हजार दिले असते, पण मागा लागलं असतं. हात असा पुढं करा लागला असता. लहानूनं मजुरी आणली का तो आधी बुद्धाच्या मूर्तीपुढं ठेवायचा आणि तिथून मी उचलायची, त्याच्या हातातून माझ्या हातात कधी आलीच नाही, त्यामुळं हात पुढं कसा करायचा हे या हाताले शिकवलंच नाही कोणी. आणि शून्य मीच मागून घेतलं होतं ना. हवा खाऊन राहणारी बाई शंभर रुपये कोणत्या तोंडानं मागते.

तिसऱ्या गुरुवारी यामिनीले तिच्या दुसऱ्या आजीकडे नेलं होतं, ऋताच्या माहेरी. मी साडी बदलली आणि पायी निघाली. चालताना मले बरं वाटलं, ते खरं सांगते, इतके दिवस पायात जे वळवळत होतं त्याले रस्ता भेटला. एप्रिलचं ऊन, पण नऊ-साडेनवाचं, सोसण्यासारखं. मनात म्हटलं, पंडरी, मंग फाफाडीह, मंग अंडरब्रिज, मंग गुढ़ियारी, काय मोठं आहे, तुमसरले असताना बाजाराले पायीच जात होतो. ई-रिक्शावाले बाजूनं हळू व्हायचे, "माताजी, कहां?" मी मान फिरवायची, जशी मी हौसेनं चालून राहिली. पंडरीपर्यंत आली आणि डोळ्यांपुढं पिवळं झालं. कपड्याच्या बाजारात एका मोठ्या दुकानाच्या पायरीवर बसली. काचेचं दार उघडलं का आतून थंड हवा घोट्यावर यायची, पाण्यासारखी. दारातला पोट्टा म्हणाला, "माताजी, यहां मत बैठो, ग्राहक आते हैं." आता हे ऐकून घेऊ शकली असती मी. उठून दुसऱ्या पायरीवर गेली असती. पण त्यानं ज्या आवाजात म्हटलं त्या आवाजात तेच शून्य होतं, आणि मी म्हटलं, "ग्राहकच आहो मी. नातवाचं लग्न आहे. मानाच्या एकवीस साड्या पाहिजे."

मंग काय विचारता. गादीवर बसवलं. थंड पाणी, वरून चहा. मालक स्वतः आला, कपाळाले टिळा, हातात कॅलक्युलेटर. "शादी कब है अम्माजी?" "अक्षय तृतीयेच्या दिवशी. वरात दुर्गहून, घोड्यावर नाही, नातू म्हणते क्रेनवर बसून येतो." मालक हसला, "आजकल के बच्चे," आणि गठ्ठे उघडू लागला. मी एकेक पदर बोटात धरून पाहत होती, हे धुवायले जाईल का, याचा रंग सुटते का, आणि खरं म्हणजे मी फक्त गारवा खाऊन राहिली होती. पाय लांब केले होते. साड्या पुढं पसरत होत्या, जांभळ्या, राणी रंगाच्या, मोरपंखी, आणि प्रत्येकीले मी एक बाई देत होती, ही नवरदेवाच्या मावशीले, ही अभनपूरच्या नणंदेले, ही तिच्या खाष्ट सासूले, जरा कमी भावाची. त्या बाया होत्याच नाही कुठं, पण त्यांचे स्वभाव पटापट तयार होत होते. आणि मधातच मले वाटलं का या सगळ्या बायांले मी साडी देऊन राहिली आणि माझ्या पिशवीत अकरा रुपये आहेत, आणि पलीकडे, रेल्वेलाइनच्या पलीकडे, गोदू पंख्याकडे पाहून राहिली असेल. चहाचा कप मी खाली ठेवला. मालकानं बिलासाठी घरच्या माणसाचा नंबर मागितला. मले पाठ एकच नंबर, प्रशिकचा. दिला.

प्रशिक ऑफिसातून कसा आला असेल ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्याले कोणीतरी फोनवर सांगितलं होतं का तुमच्या लग्नाची खरेदी झाली आहे, पंधरा टक्के सूट, पैसे पाठवा. त्यानं मालकाची माफी मागितली, वय झालं आहे म्हणाला, ते मले लागलं. बाहेर येऊन त्यानं मले स्कूटीवर मागं बसवलं.

"आजी, माझं लग्न होऊन तीन वर्षं झाले."

"माहीत आहे मले. जेवली आहे मी त्यात."

"पण इथी काय करून राहिली होती तू?"

"गोदूकडे चालली होती."

"पैदल? काहून, रिक्शा नाही भेटला?"

आता इथं थाप तयार होती. सगळ्या रिक्शांच्या बॅटऱ्या वांदरांनी नेल्या, असं काहीतरी जिभेवर आलंही होतं. पण ऊन डोक्यात गेलं होतं, का माहीत नाही काय झालं होतं, मी म्हटलं, "पैसे नव्हते."

प्रशिक हसला. इतका हसला का स्कूटी हालली. "एकवीस साड्या," तो म्हणाला, "आणि पैसे नव्हते. आजी, तुझा जवाब नाही." त्याच्या पाठीवर माझा हात होता, ती पाठ हसण्यानं थरथरत होती, आणि मी त्या थरथरीवर हात ठेवून बसली. मागं फाफाडीहचा रस्ता दूर जात होता. घरी सोडलं त्यानं, पंखा लावून दिला, ग्लुकोज पाजलं, मायाळू आहे पोट्टा, त्यात शंका नाही. गुरुवार तिसराही गेला.

संध्याकाळी ऋता यामिनीले घेऊन आली, चपला काढत नाही तोच त्यानं तिले सगळं सांगितलं, क्रेनवरच्या वरातीसकट, मालकाची नक्कल करून. चांगलं सांगते तो, माझ्याकडूनच गेलं आहे ते त्याच्यात. "आणि मी विचारलं पैदल काहून, तं म्हणते, पैसे नव्हते." ऋता यामिनीचे मोजे काढून राहिली होती. ती हसली नाही. एक मोजा हातात धरून तिनं माझ्याकडे पाह्यलं. "सच में नहीं थे क्या, आजी?"

प्रशिक थांबला. यामिनी पण पाहून राहिली होती, तिले काय समजते, पण पाहून राहिली होती. पुन्हा ते डोळे, ताटापुढचे, आणि माझ्या जिभेनं जुन्या सवयीनं सोंड उचलली, हत्ती आलाच होता दारापर्यंत. त्याले आत घेतलं असतं तं सगळे हसले असते, जेवायले बसलो असतो, पुढचा गुरुवार आला असता आणि गेला असता. मी म्हटलं, "हव, नव्हते."

"आपने तो कहा था कुछ नहीं लगता."

"म्हटलं होतं."

"तो मैंने ज़ीरो डाल दिया."

"पाह्यलं मी."

ऋता खालीच बसली, फरशीवर, आणि तिचा चेहरा असा झाला जसं काही तिच्या हातून भांडं फुटलं. मले भीती वाटली. थापेवर लोक हसतात, पुढं काय करायचं हे मले माहीत असते. खरं मानलं तं पुढं काय करायचं, हे माहीतच नव्हतं मले, हात कुठं ठेवावा ते पण समजेना. प्रशिक म्हणाला, "आजी, मले सांगायचं ना." मी म्हटलं, "सांगितलं की. स्कूटीवर." तो खाली पाहू लागला. ऋता म्हणाली, "मैं छोड़ दूंगी आपको. हर गुरुवार. सुबह छोड़ दूंगी, शाम को ले लूंगी."

चांगली गोष्ट होती. दुसऱ्या कोणी म्हटली असती तं मी डोक्यावरून हात फिरवला असता. पण माझ्या अंगातलं ते वळवळणं एकदम वर आलं, इतक्या दिवसांचं. "मले सोडू नको कोणी," मी म्हटलं. "पैसे दे. माझी मी जाईन."

"मोबाइलमधी टाकून देऊ का तुझ्या?" प्रशिक म्हणाला.

"माझ्या मोबाइलमधी बोलणं पण नीट येत नाही. हातात दे. आणि नोट मोठी देऊ नको, आणि काय केलं त्याचं ते विचारू नको."

तेव्हा समजलं का त्या घरात नोटच नव्हती. प्रशिकचं पाकीट, कार्डं. ऋताची पर्स, कार्डं, लिपस्टिक, यामिनीचं चोखणं. लग्नाच्या लिफाफ्यातली एक नोट सापडली, आहेराची, तिले रुपया चिटकवलेला. इतकं बजेट करून ठेवलं आणि घरात भाजीपुरती नोट नाही, हे पाहून मले हसू आलं, आणि ऋताले पण आलं, नाक पुसत. ती म्हणाली, "महीने का कितना, आजी? ठीक-ठीक बताना." आता मी हिशेब केलेला होता. चार गुरुवार, रिक्शा, बडे, डबी. चारशेत बसत होतं. वर शंभर मोकळे, कशाचे ते कोणाले न सांगण्याचे. "पाचशे," मी म्हटलं, आणि श्वास रोखून बसली, का आता भाव होईल, ती म्हणेल तीनशे, मी म्हणीन साडेचारशे. ऋता म्हणाली, "ठीक है." लगेच. विचार पण नाही केला. प्रशिक खाली गेला, मशीनमधून पैसे काढले, दवाईच्या दुकानातून सुट्टे करून आणले, आणि माझ्या हातात ठेवले.

शुक्रवारी सकाळी मी निघाली. गुरुवार नव्हता, पण डबी संपली होती तिची. ई-रिक्शात बसून फाफाडीहपर्यंत मी एकच गोष्ट घोकून राहिली होती, का हजार काहून नाही म्हटलं. जिनं शून्य मानलं ती हजार पण मानली असती, त्याच पटकन. खरं बोलायची सवय नसली का असं होते, माणूस भाव करायले विसरते, आपलाच घाटा करून घेते. रिक्शा अंडरब्रिजखाली उतरली, वरून मालगाडी चालली होती, पूर्ण पूल घुमून राहिला होता, आणि माझ्या मांडीवर बडे गरम होते. घरात शिरता शिरता काय सांगायचं ते मी ठरवलं. म्हणीन, गोदे, नातसुनेनं माझे महिन्याचे हजार बांधून दिले. गोदू माझी कोणतीही गोष्ट अर्धी करूनच ऐकते, पन्नास वर्षांची सवय आहे तिले. हजार सांगितले का ती बरोबर पाचशे समजेल.